कोंबड्यांच्या पाण्यातली पावडर

शी! त्या शेडचं नावबी नगं मला. कामथडीच्या आनंदरावांच्या पोल्ट्रीत म्या, बनाबाई, दोन वर्सं राबले. पांढऱ्या विलायती कोंबड्या, खाली घोटाभर घाण, वर माशांचं मोहोळ. सकाळी पाण्याच्या बादलीत औषधाची पिवळी पावडर कालवायची, हे माझं पयलं काम. कोंबड्यांना हगवण लागली की मालक म्हणायचे, "बनाबाई, आज दोन चमचे जास्त टाक." तरीबी ज्या माना टाकायच्या, त्या मरायच्या आत पाटीत कोंबून भोरच्या बाजारात. आन् तिथली शाणीसुरती माणसं त्या दाबून बघून इकत घ्यायची!

आमी बाया तर त्याहून थोर. त्या पावडरीची चिमूट पदराच्या गाठीला बांधून घरी न्यायचो. कुणाचं पोट बिघडलं की पाण्यातनं पाजायची. कोंबडीला चालतं, तर माणसाला का न्हाई? असली आमची अक्कल.

चौऱ्याहत्तर सालचा आखाड आला. आखाडात मरीआईला कोंबडी द्यायची, म्हंजे घरात हगवण-ओकारी शिरत न्हाई, ही आमची रीत. गावठी कोंबडी मिळंना, म्हणून म्या मालकांकडनं मान टाकलेली एक पांढरी आणली. विळीवर साफ केली, विळी पदराला पुसली. रस्सा शिजस्तवर माझी नात छबी भुकेनं रडाय लागली. चार वर्सांचं पोर ते. म्या त्याच विळीवर तिला काकडी चिरून दिली. रस्सा समद्यांनी खाल्ला, कुणाला काय झालं न्हाई. काकडी मातर तिनं एकटीनंच खाल्ली हुती.

दुसऱ्या दिवशी पोरीला रगताची हगवण लागली. आधी गाठीतली चिमूट पाजली. उतार न्हाई. नसरापूरच्या डाक्टरांनी कॅपसूल दिल्या. पोरीला गिळंना, म्हणून म्या एक उघडली, तर आत तीच पिवळी पावडर! तोच वास! दोन दिस तीच दिली. पोरीचं डोळं आत गेलं, अंगाचं चिपाड झालं.

मग डाक्टरांना शेडवरचं, विळीचं समदं सांगितलं. ते खुर्चीतनं उठलेच.

"रोज? बादलीत? अगं बाई, त्या कोंबड्यांच्या पोटातले जंतू ह्या औषधाला सरावलेत, आणि तेच विळीवरून काकडीला लागून पोरीच्या पोटात गेलेत. आता हे औषध त्यांचं काय वाकडं करणार?"

बादली माझ्याच हातची. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

डाक्टरांनी सलाईन लावलं आन् पुण्यासनं दुसरं औषध मागवलं. पांढरं, जहरावानी कडू. गुळातनं दिलं तरी पोरगी थुकायची, आन् म्या नाक दाबून परत घालायचे. चौथ्या दिशी ती म्हणली, "आज्ये, भूक लागली." म्या भिताडाला टेकून रडले.

पोटापायी परत शेडवर गेले. सांगाया लाज वाटती. मालक खुशीत हुते.

"बनाबाई, पिवळी आता लागू पडंना. पुण्यासनं नवी आणलीया. भारी हाय म्हणं."

पुडा फोडला तर पांढरी. बोटावर घेऊन जिभेला लावली. तेच कडू.

"मालक, ही नगं. हिच्यावर माझी छबी उठली. ही बी कोंबड्यांना पाजली, तर उद्या पोरांना काय पाजायचं?"

"पोरांचं बघाया डाक्टर हायती की. कंपनी काढंल आणिक नवी. चल, कालव."

म्या भरली बादली त्यांच्या पायावर उपडी केली, थुकले आन् घरी आले.

दुपारी शेजारची पारूबाई माझ्या जागी लागली. तिच्या हातापाया पडले, समदं सांगितलं. "कोंबड्या मेल्या तर माझं काम बी जाईल, बाई," ती म्हणली, आन् सांजच्याला तिनं दोन बादल्या कालवल्या. तिला चार नातवंडं हायती. माझी छबी दिसभर त्यांच्यातच खेळती, त्यांच्याच ताटात जेवती.