विलाचे बर्फजोडे

विला हॅस्केट बर्फावर चालायचे जोडे बनवते. ॲशचं लाकूड वाफेवर वाकवून चौकट करायची आणि तिच्यात कच्च्या चामड्याची ओली वादी विणायची. आमच्या माँटानाच्या डोंगरांत बीव्हर नावाचा प्राणी कातड्यासाठी धरायला आलेले जुने सापळेवाले असलेच जोडे घालून हिंडायचे. हल्ली मात्र गिऱ्हाईक ते विकत घेतं आणि दिवाणखान्यात टांगतं. माझ्या खानावळीच्या भिंतीवरही दोन जोड होते. ते बघून विला दरवेळी म्हणायची, "लेटा, पायातली वस्तू भिंतीला लावलीस, शोभतं का तुला?"

गेल्या मार्चमध्ये तीन दिवस बर्फ पडला. चौथ्या दिवशी सकाळी खानावळीतल्या वायरलेसवर ऑरिन प्रुइटचा आवाज आला. तो वर खिंडीत एकटा राहतो. छपरावरचा बर्फ ओढताना पडून त्याचा पाय मोडला होता आणि शेगडी विझली होती. ढगांमुळे हेलिकॉप्टर येईना. गावातल्या तरण्या ड्वेनने बर्फावर पळणारी स्नोमोबाइल काढली, पण भुसभुशीत बर्फात ती पहिल्याच चढाला नाकापर्यंत रुतली. कमरेइतक्या बर्फातून तो धापा टाकत परत आला.

विला खुर्चीवर चढली आणि तिने दोन्ही जोड खाली काढले.

"आजीबाई, ते शोभेचे आहेत," ड्वेन म्हणाला. "शंभर पावलांत मोडतील."

"शोभेचा तू आहेस. हे मी बनवलेत. लेटा, कोट घाल."

"मी?"

"मग ऑरिनला मी एकटी ओढू? सहासष्ट वर्षांची आहे मी!"

लाकडी घसरगाडी मागे बांधून आम्ही निघालो. खिंड तीन मैल. मी दोनदा तोंडावर आपटले.

"पाय फाकवून टाक," विला मागे न बघता ओरडली. "बदकासारखी चाल. इथं कोण बघतंय तुला?"

तसं केलं आणि जमलं. ड्वेन जिथे कमरेपर्यंत बुडाला होता, तिथे आम्ही घोट्यापर्यंतही बुडालो नाही.

ऑरिन घोंगड्यांखाली पडला होता, ओठ निळे. विलाने शेगडी पेटवली, त्याला गरम कॉफी पाजली आणि दोन फळ्या लावून पाय घट्ट बांधला. तो कळवळला, मग म्हणाला, "विला, माझ्यासाठी एवढी चालत आलीस?"

"तुझ्यासाठी कोण येतंय? ओल्या बर्फात वादी किती ताणते, ते बघायचं होतं."

पण घसरगाडीवर निजवून त्याच्या हनुवटीखाली घोंगडी खोचताना तिचा हात जरा जास्तच वेळ रेंगाळला.

उतारावर गाडी मागून अंगावर येऊ नये म्हणून ती पुढे सोडली आणि दोर धरून दोघी मागे राहिलो. दुपारी खाली पोचलो, तर ड्वेन फावड्याने आमच्या दिशेने वाट काढत होता. रस्त्यावर ॲम्ब्युलन्स उभी होती. त्याने माझ्या हातातला दोर घेतला.

"दमानं," विला त्याला म्हणाली. "पाय मोडलाय त्याचा."