शकुबाईचं कुंकू

यादवकाका गेला आणि सगळं माझ्याच अंगावर पडलं. भंतेजींना फोन, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या त्याच्या जुन्या सोबत्यांना निरोप, पाहुण्यांचा चहा. काकानं लग्न केलं नाही, तेव्हा पुतणीनंच करायचं. चौपन्नाव्या वर्षी बाईला रडायलाही सवड मिळत नाही.

काकाचा जलदान विधी इंदिरानगरला माझ्याच घरी ठेवला. सकाळी स्वयंपाकघरात गेले तर आई बेसिनपाशी उभी राहून ओल्या पदरानं कपाळ घासत होती.

आईच्या कुंकवाचं, ‘शकुबाईचं कुंकू’ म्हणून, आमच्या भावकीत फार कौतुक. माझे वडील सावळीराम एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाले तेव्हा मी पोटात होते. पुढं सैन्यानं कागदोपत्री त्यांना मृत ठरवलं, पण आजी ऐकेना. मरण डोळ्यांनी पाहिलेला माणूस येऊन सांगेल तेव्हाच सुनेच्या बांगड्या फुटतील, म्हणाली. कुणी आलं नाही. आईचं कुंकू राहिलं आणि शाळेत वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ लिहायचं की नाही, हे मला कुणी सांगितलं नाही.

“आई, आजच कशाला? घर माणसांनी भरलंय.”

“ज्याच्यासाठी लावत व्हते, तो गेला.”

दगदगीनं हिचं डोकं फिरलं, असं मला वाटलं. “बाबांना जाऊन जन्म झाला, आई.”

“त्यांचं नाय म्हणत मी.”

ती स्टुलावर बसली. “तू रांगत व्हतीस. एक शिपाई यादवला नाशिकरोड स्टेशनात भेटला. त्याच्या मांडीवर तुझ्या बापानं जीव सोडला व्हता. यादव घरी आला, त्याच्या आईसमोर गप बसला. मला तेवढं सांगितलं, विहिरीवर.”

“आजीला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर काय झालं असतं?”

मला ठाऊक होतं. आमच्यात तेव्हा तरुण विधवेचा पाट धाकट्या दिराशी लावून देत.

“मग? तुम्हा दोघांना नको होतं?”

“हवं व्हतं, म्हणून तर त्याच्या तोंडून निघंना. म्हणाला, वहिनी, ही बातमी मी दिली तर भावाच्या मरणावर संसार मांडल्यासारखं व्हईल. दुसऱ्या कुणी देऊ दे. दुसरं कुणी आलंच नाय. त्या शिपायाचा पत्ता विचारायचंही त्याला भान नव्हतं.”

“तू सांगायचं होतंस.”

“सासू म्हणली असती, सुनेला घाई झाली.”

आजी नव्वदी गाठून गेली. तोवर माझं लग्न झालं होतं, मुलं झाली होती. काका दर रविवारी पिशवीभर भाजी घेऊन यायचा, दाराजवळच्या खुर्चीत बसायचा, वहिनीच्या हातचा चहा घ्यायचा आणि जायचा. स्वयंपाकघराचा उंबरा त्यानं कधी ओलांडला नाही. मला त्या मेलेल्या माणसाचा भयंकर राग आला. इतकं सरळ असू नये माणसानं.

बाहेर बोलावणं आलं. आईचं कपाळ पाहून चतुराआत्यानं, म्हणजे वडिलांच्या आणि काकाच्या बहिणीनं, डोळ्याला पदर लावला. “शेवटी मानलं गं बाई सावळीरामाचं जाणं. लय वाट पाहिली.” बायका हळहळल्या. आई नेहमीसारखी मान खाली घालून सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून बसली.

भंतेजी म्हणाले, “पाणी सोडायला जवळच्या माणसानं पुढं यावं.”

आत्याचा राकेश उठला. मी त्याला बस म्हणाले. मग मागं जाऊन आईचा हात धरला, तिला काकाच्या फोटोपुढं आणून बसवलं आणि तांब्या तिच्या हातात दिला. तिनं माझ्याकडं पाहिलं. नको, असं तिचे डोळे म्हणत होते. मी हात सोडला नाही.

“अगं संजना, तिला कशाला?” आत्या म्हणाली. “तिचं दुःख सावळीरामाचं.”

“नाही आत्या. तिचं दुःख यादवकाकाचं आहे.”

आत्या माझ्याकडं बघत राहिली. भंतेजींनी गाथा सुरू केली. आई फोटोपुढच्या वाटीत पाणी सोडू लागली. वाटी भरली, ताटलीत सांडू लागली. गाथा संपली, तांब्याही रिकामा झाला, तरी आईनं तो तसाच तिरका धरून ठेवला होता. मी तो तिच्या हातातून काढून घेतला नाही.