वारूळवाल्यांचं घर

आमच्या अंगणात वारूळ आहे आणि त्यात नाग आहे, हे साऱ्या कामतघर वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी जुबैदा. पाच वेळची नमाजी बाई. नागाला हात जोडत नाही, जोडणारही नाही. पण श्रावणात पंचमीला इथल्या बायका येतात, दिवाळीनंतर चौथीला तेलुगू विणकरांच्या बायका येतात, आणि दोन्ही दिवशी फाटक मी स्वतः उघडते. पूजा होईपर्यंत आमच्या कारखान्यातले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद. सासऱ्यांनी घालून दिलेली शिस्त आहे. वारुळावर ओतलेलं दूध मुंग्याच पितात, तेही मला माहीत आहे. कुणी शहाणपणा शिकवू नये.

यंदा माझ्या जिब्रानने नवंच काढलं. कारखान्यात मोठा ट्रक यायला रस्ता हवा, म्हणून वारूळ पाडायचं.

"अम्मी, आपला काय संबंध? ना आपला देव, ना आपला सण."

"अंगण तर आपलं आहे ना?"

"अंगणावर धंदा चालत नाही."

तोंड वर करून बोलला मेला! मी त्याच्याशी बोलणं टाकलं. पण कारखाना आता तोच बघतो. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी वारूळ पाडायचं ठरलं आणि जेसीबी आधीच दारात येऊन उभा राहिला.

पंचमीला शेजारची कमळा पूजेचं ताट घेऊन आली, मागे बाकीच्या बायका. जेसीबी बघून ती काय ते समजली. तिची जीभ म्हणजे कात्री, मला वाटलं आता भांडेल. पण ती हळूच म्हणाली, "जागा तुजी हाय, जुबैदाबाय. इतकी वर्सं येऊ दिलंस, लय झालं. पुढच्या सालापासून आमी घरीच पाटावर नाग काढू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"पाटावर काढणार म्हणे! मग माझ्या दारात कोण येणार? लूम काय गल्लोगल्ली आहेत. आम्हाला लोक वारूळवाले म्हणून ओळखतात!"

जिब्रानचा दंड धरून मी त्याला घराच्या मागे नेलं. "रस्ता हवा ना? माझी खोली या मागच्या सडकेला लागून आहे. ती पाड, ट्रक इकडून येईल."

"अम्मी, अब्बांनी बांधलेली खोली..."

"तशी खोली तू उद्या दुसरी बांधशील. वारूळ बांधून देशील?"

मी तशीच जेसीबीवाल्याला हाका मारत निघाले, तर कमळाच आडवी आली. "आज नको गो बाय! पंचमीला जमीन खणत न्हाय!"

दुसऱ्या दिवशी खोली पडली. रडू आलं, खोटं कशाला बोलू? कमळाने माझी ट्रंक डोक्यावर घेतली, तेलुगू बायकांनी कपाट उचललं. आता मी स्वयंपाकघरात झोपते.

परवा पहिला ट्रक आला. ड्रायव्हर गाडी जोरात मागे घ्यायला लागला, तसा जिब्रान धावत गेला.

"आस्ते, भाई, आस्ते! अंदर हमारा नाग है."

हमारा म्हणाला माझा पोरगा! मी चुलीपाशी उभी होते. अशी ताठ झाली माझी मान, काय सांगू.