ढब्बीची उडी

ढब्बी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. ढब्बी म्हणजे व्हिडिओ गेममधली एक लठ्ठ कोंबडी; खड्डे, छपरं, फळ्या ओलांडत हरवलेली पिल्लं शोधणारी. तिचा पहिला गेम आई-बाबांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर बनवला. चित्रं बाबांची, प्रोग्राम आईचा. दुसऱ्या भागाला टेबल पुरेना, म्हणून ऑफिस घेतलं. तिसऱ्याने ढब्बीला घरोघरी पोचवलं. चौथ्याच्या वेळी दोघांचे खटके उडायला लागले, आणि पाचवा बाजारात आला तेव्हा बाबा वेगळ्या घरात राहत होते. पुढे कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली, त्यांनी ढब्बीला थ्रीडीत नेलं आणि सहावा भाग सपशेल आपटला. मग दहा वर्षं कोणी तिचं नाव घेतलं नाही.

आता कंपनीने पहिला भाग नव्याने करायचं ठरवलं आणि मीही गेमच बनवते, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

चित्रं नवी, संगीत नवं. उडी मात्र जुनीच हवी होती. उडीच्या टोकाला ढब्बी क्षणभर हवेत थबकायची. त्या थबकण्यावर लोकांचा भारी जीव. आईला त्यासाठी पुरस्कारही मिळाला होता. पण आमची ढब्बी चेंडूसारखी वर जायची आणि दाणकन खाली. उडीची उंची, वेग, सगळे आकडे तर आईच्याच वहीतले!

शेवटी आईला बोलावलं. तिने दोन दिवस आकडे तपासले.

"सगळं बरोबर आहे गं. तरी ही माझी ढब्बी नाही."

"बाबांना विचारू?" मी चाचरतच म्हटलं.

"विचार की. मी काय खाणार आहे त्याला?"

बाबा जुन्या चित्रांची फाइल घेऊन आले. आईला "बरी आहेस ना?" म्हणाले, स्क्रीनसमोर बसले, ढब्बीला तीन उड्या मारायला लावल्या.

"पाय कुठे गेले?"

"कुठले पाय?" आईने विचारलं.

त्यांनी फाइल उघडली. एका उडीची सात चित्रं. चौथ्यात ढब्बीने पाय पोटाशी घेतलेले, पंख जरासे उघडलेले. हालचाल सफाईदार करताना आमच्या चित्रकारांनी नेमकं तेच गाळलं होतं. ते परत घातलं. एकही आकडा न बदलता ढब्बी हवेत थबकली.

आई बघतच राहिली. "म्हणजे ती थांबत नव्हतीच?"

"नाही. तसं वाटायचं."

"हे तू कधी घातलंस?"

"अगदी शेवटी. ही मांडीवर बसून बघायची," बाबांनी माझ्याकडे बोट केलं, "आणि ढब्बी खाली यायला लागली की घाबरून डोळे मिटायची. म्हटलं, जरा अलगद येऊ दे."

"आणि पुरस्कार मी घेतला! इतकी वर्षं लोक माझी पाठ थोपटतायत. बोलला का नाहीस?"

"त्या दिवशी तू इतकी खूश होतीस. आणि नंतर बोललो असतो, तर भांडणात उकरून काढल्यासारखं झालं असतं."

आई उठली, पाण्याचे दोन ग्लास भरून आणले, एक त्यांच्यापुढे ठेवला. "गधडा," ती म्हणाली, पण अगदी हळू.

गेमच्या शेवटी येणाऱ्या नावांत 'उडी' या शब्दापुढे बाबांचं नाव घाल, असं आईने मला बजावलं. "मग गणित काय मी केलं?" बाबा उसळले. अर्धा तास वाद चालला. मी दोघांचीही नावं एका ओळीत टाकून मोकळी झाले.

बाबांचं काम तिथेच संपलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ते हजर.

"पंखांचा रंग मला जरा फिका वाटतोय," दारातूनच म्हणाले.

आईने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

"बस. मलाही तसंच वाटत होतं."