पुतळाबाईची जागा

हरिचंद्रला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. अंबरनाथच्या कारखान्यात दिवसभर यंत्रांशी झटून आलेला फिटर घरी येऊन आडवा होईल. हा चामटोलीला पोचला, की सायकल भिंतीला टेकवून तडक नदीवर, आपल्या होडीकडे.

शिडाची ती होडी बापाची. बापाने तिच्यातून खाडीत मीठ वाहिलं होतं. मिठागर बंद पडल्यावर हरिचंद्रने ती ट्रकात घालून इकडे आणली. बंधाऱ्यामागे दोन वळणांपुरतंच खोल पाणी. पण शीड फुगलं, होडी कलली, तळाशी पाणी खळखळू लागलं, की गड्याला आभाळ ठेंगणं व्हायचं. तेवढ्यात काहीतरी खुपायचंच. डोलकाठी करकरते, दोर झिजलाय, कुठून तरी झिरपतंय. की लगेच होडी काठावर.

त्यामुळे त्याच्या बायकोला, पुतळाबाईला, होडीत एकदाही बसायला मिळालं नव्हतं. "एवढी फट भरून होऊ दे, मग नेतो," हे ऐकून तिचे कान किटले होते. होळीला ती म्हणाली, "होरीला नवं शीड, होरीला तेल. मला काय? दसऱ्याला पलीकडं कौसाकडं सोनं द्यायला मी होरीतनंच जानार. नायतर शेजारच्या चंदूला देऊन टाका. त्याच्या गोठ्याला फळ्या होतील."

कौसाबाई म्हणजे तिची थोरली बहीण. समोरच्या काठावर घर, अन् जायचं पुलावरून लांबचा वळसा घेऊन. पण इथे प्रश्न कौसाबाईचा नव्हता, हे हरिचंद्रलाही कळत होतं. तो हादरला.

बाप होडी कायम ओली ठेवायचा. फटींत तेलात भिजवलेला कापूस सैलसर भरायचा, आत आलेलं पाणी डब्याने उपसायचा. फिटरला हा गबाळेपणा कसा रुचावा? त्याने होडी उन्हाळाभर वाळवली, पावसात छपराखाली ठेवली. कॅम्प चारच्या सिंधी बाजारातून फटी बुजवायचं, घट्ट होणारं लुकण आणलं. दुकानदार म्हणाला होता, "साँई, एक बार भर दो, पत्थर बन जाएगा." हरिचंद्रने सुईसुद्धा शिरणार नाही अशी एकेक फट ठासून भरली.

अष्टमीला होडी पाण्यात गेली. खंडेनवमीला तिला झेंडूची माळ घातली, तेव्हाही आत टिपूस नव्हता. हरिचंद्रला आनंदाने जेवण सुचेना.

दसऱ्याला सकाळी पुतळाबाई नवं लुगडं नेसून, ओच्यात आपट्याची पानं घेऊन काठावर आली. होडी बुडून तळाला टेकली होती. भिजलेलं लाकूड फुगलं होतं, फुगायला जागा नव्हती, म्हणून तळाची फळी उखडून बाहेर आली होती. लाकूड फुगतं हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. लोखंडाच्या नादात तो विसरला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चंदूला हाक मारतो. पाना आनतो. दुपारपर्यंत..."

पुतळाबाई पाण्यात शिरली. बुडालेल्या होडीच्या कडेवरून पाय टाकून आत गेली आणि पुढच्या फळीवर बसली. पाणी कमरेपर्यंत आलं. झेंडूची माळ तिच्याभोवती तरंगत होती.

"कुठं चाललात? या, बसा."

तो जाऊन तिच्या शेजारी बसला. बसल्याबसल्या त्याचा हात फळीखाली काही चाचपू लागला. तिने तो हात वर ओढला आणि त्यात ओली पानं ठेवली.

"सोनं घ्या," ती म्हणाली. "आन् हात काढू नका."