भोपळ्याची उजवी बाजू

"पुन्हा चालव," आर्डिसबाई म्हणाल्या.

त्यांची साहाय्यक कोरीन हिने चाचणी पुन्हा चालवली. पडद्यावर तीच लाल ओळ उमटली.

डुलूथच्या विद्यापीठातील ज्या तळघरात आर्डिस लिंडस्ट्रॉम यांचा सर्व्हर वर्षानुवर्षे घरघरत होता, ते सोमवारी रिकामे करून द्यायचे होते. रुग्णांचे स्कॅन वाचणारे एक मुक्त सॉफ्टवेअर त्यांनी देशोदेशींच्या स्वयंसेवकांना हाताशी धरून उभे केले होते. कोणीही फुकट वापरावे, कोणीही सुधारावे. मात्र त्यात एक ओळ जरी बदलली, तरी ती आधी या सर्व्हरवरच्या हजारो नमुना-चित्रांवर पारखली जाई. ती सारी चित्रे आता क्लाउडवर हलवली होती. तेथे लागेल तशी जागा वाढवता येणार होती. प्रत्येक फाईलचा, तिच्यातील मजकुरावरून काढलेला, एक ठसा असे. कणभर जरी फरक पडला, तरी तो मूळ नोंदीशी जुळत नसे.

हजारोंतील एकच फाईल जुळत नव्हती, आणि ती नेमकी भोपळ्याची होती.

हँकॉक गावच्या वेंडेल ओयाला या स्वयंसेवकाने फार पूर्वी आपल्या परसातला भोपळा, उजव्या अंगाला स्कॅनमध्ये पांढरी दिसणारी माशाच्या तेलाची गोळी चिकटवून, एका रुग्णालयाच्या स्कॅनरमध्ये ठेवला होता. गोळी उजवीकडेच दिसली, म्हणजे सॉफ्टवेअर डावे-उजवे उलटवत नाही, अशी खात्री पटे. तो स्कॅनर कधीच भंगारात गेला. पण त्या घडणीच्या स्कॅनरवरचे जुने स्कॅन अजून डॉक्टरांपुढे येत होते, आणि त्यांची पारख या भोपळ्यावाचून होत नव्हती.

"क्लाउडवर चढवताना बिघडली असेल."

"नाही, आर्डिसबाई. सर्व्हरवरचीच सडली आहे. बॅकअपमध्येही सडलेलीच गेली."

"मग इतके दिवस चाचणी पास कशी होत होती?"

कोरीन जरा अडखळली. "प्रत्येकाच्या संगणकावर पूर्वी उतरवलेली चांगली प्रत होती ना. सर्व्हरकडे मागायला कुणी गेलंच नाही."

नवी साठवण खरोखर चालते की नाही ते कळावे, म्हणून आपापल्या जुन्या प्रती पुसून टाका, आणि 'झालं' असे कळवा, असा हुकूम आर्डिसबाईंनीच चार दिवसांपूर्वी सोडला होता. सर्वांनी निमूटपणे कळवलेही होते.

"ही एक चाचणी बंद ठेवू या का?" कोरीनने चाचरत विचारले. "बाकी सगळं हिरवं आहे. सोमवारी नवी आवृत्ती तर निघेल."

"आणि डावं-उजवं उलटून कुणाचं तरी धडधाकट मूत्रपिंड कापून काढलं, की मग चालू करू?"

त्यांनी सर्वांना पत्र धाडले. उत्तरे भराभर आली. पुसली. पुसली. तुम्हीच सांगितलं होतंत ना. प्रत्येक उत्तरासरशी बाईंची बोटे कॉफीच्या कपाभोवती अधिक आवळत गेली. कॉफी तशीच निवली. वेंडेलचा मात्र पत्ता नव्हता.

"शनिवार आहे. सौनाच्या वाफेत बसला असेल," कोरीन म्हणाली.

"इतका वेळ?"

"फिनिश माणूस आहे, बाई."

अखेर त्याचा फोन आला.

"बाईसाहेब, रागावणार नसाल तर एक सांगतो."

"रागवायचं की नाही ते मी ठरवीन. बोल."

"मी काही पुसलेलं नाही."

"तू 'झालं' असं लिहिलं होतंस."

"जेवण झालं होतं माझं."

कोरीनने तोंडावर हात दाबला. बाई हसल्या नाहीत. "फाईल पाठव. आत्ता."

वेंडेलच्या गावचे इंटरनेट गोगलगाईच्या चालीचे. फाईल अर्ध्यावर येऊन थबकली, पुढे सरकली, पुन्हा थबकली. त्याचीही प्रत सडलेली निघाली तर? हा प्रश्न दोघींच्याही मनात होता. अखेर फाईल उतरली. कोरीनने ठसा काढला आणि बाईंनी तो, चष्मा पुसून, अक्षर न् अक्षर स्वतः ताडून पाहिला.

जुळला.

चाचणी चालवली. करड्या भोपळ्याच्या उजव्या अंगाला पांढरा ठिपका उमटला आणि ओळ हिरवी झाली. बाई खुर्चीत मागे टेकल्या.

"बाईसाहेब, आहात ना? मग आता पुसू का माझी प्रत?"

"हात तर लावून बघ," आर्डिसबाई म्हणाल्या. "आणि कोरीन, मघाची दुरुत्तरं परत घेतेय म्हणून सगळ्यांना लिही."

"तुम्ही कुणाला दुरुत्तर केलंत?"

"केलं नाही अजून. हुकूम मोडला म्हणून वेंडेलला सगळ्यांदेखत करणार होते."