मृदंगावर कोण होतं

या, असे जवळ सरकून बसा. घरी जायची घाई असली तर थोडी राहू द्या. धाड गावच्या देवळात घडलेली एक गोष्ट सांगतो. ऐकून राग आला तर येऊ द्या, मलाही अजून येतो.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. उकंडराव मास्तरांनी सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर घेतला होता आणि तीन वर्षं सप्त्यातली कीर्तनं त्यात भरून ठेवली होती. पुढे वाळवीनं खोक्यांवरच्या चिठ्ठ्या खाल्ल्या. कोणत्या फितीवर कोण गातंय, कोण वाजवतंय, काही कळेना. त्यातच रेडिओवाल्यांचं पत्र आलं : अर्धा तास कीर्तन लावतो, साथीदारांची नावं कळवा. मग मास्तरांनी एका दुपारी देवळात यंत्र मांडलं आणि जमलेल्यांना म्हणाले, “आता कानानं ओळखा.”

बुवा पहिल्या आलापीलाच सापडले. विणेकरी खोकल्यावरून सापडला.

“एक टाळ मागं पडून राह्यला,” म्हातारे पुंजाजी म्हणाले. “म्हणजे हा कडूबा.”

“मागं नाही पडलो,” कडूबा म्हणाला. “तुमच्या टाळाची वाट पाहून राह्यलो होतो.”

सगळे हसले. मग मृदंग बोलला आणि हसणं थांबलं. असा हात, की बुवांचा शब्द संपेपर्यंत अदबीनं उभा राहायचा आणि मग अलगद खाली यायचा.

“रंगराव,” पुंजाजी म्हणाले. “दुसरं कोन वाजवन असं?”

रंगराव गावातले मोठे जमीनदार. मृदंग तेही वाजवायचे. त्यांनी मान डोलावली. “हात तं आपलाच वाटते.”

खांबाआड झुंबरबाई प्रसादाचे गहू निवडत बसली होती. तिचा हात सुपातच थांबला. दुसऱ्या थापेलाच तिनं ओळखलं होतं. तिचा नवरा निवृत्ती, त्याच वर्षी आषाढात गेलेला. मृदंगाच्या डाव्या तोंडावर मळलेल्या पिठाचा गोळा थापतात, तेव्हा त्याचा आवाज खोल लागतो. अकरा वर्षं तो गोळा झुंबरबाईनं मळून दिला होता.

“मास्तर, हा हात आमच्या घरचा आहे,” ती म्हणाली.

“बाई, तुमी बसता मागं,” पुंजाजी म्हणाले. “तुमाले मृदंगातलं काय समजते?”

“गेल्या मानसाचं दुख असते, वैनी,” रंगराव हळूच म्हणाले. “पन म्हनून दुसऱ्याची थाप त्याच्या नावावर कशी लिहाची?”

दुसऱ्याची. ‘माझी’ नाही म्हणाले. झुंबरबाईनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते नजर चुकवत होते. वाजवणाऱ्याला आपला हात कळत नाही असं कुठं असतं का? त्यांना कळलं होतं. पुरतं कळलं होतं. 

“फीत थांबवा,” ती उठत म्हणाली. “मी आधी सांगते, मंग लावा. आता गजर सुरू होईन. गजर चढला का डावं अंग एकदम पोकळ होईन. मंग नुसतं उजवं वाजन. पन गजर पडनार नाही.”

“हे तुमाले कसं ठाऊक?” मास्तरांनी विचारलं.

 हे निवृत्तीनं गावापासून लपवलं होतं. पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, सैल झाली होती, असं तो सगळ्यांना सांगत राहिला.

“घरात गहू नव्हता. मी जवारीचं पीठ मळून देल्लं. जवारीले चिकटा नसते. वाळलं का गोळा सुटते. भर गजरात सुटला.”

मास्तरांनी फीत लावली. गजर चढला. डावं अंग पोकळ झालं. उजव्या हातानं एकट्यानं तो सगळा गजर डोक्यावर घेतला आणि शेवटापर्यंत नेला. कडूबानं डोळे पुसले.

“देवाच्या मृदंगाले जवारी लावली?” रंगराव म्हणाले.

“लावली,” झुंबरबाई म्हणाली. “त्या सकाळी तुमच्या घरी सप्त्याचे गहू दळून राह्यले होते. मूठभर पीठ मागाले मी आली होती. दारातून परत पाठवलं मले. तवा देव नाही आठवला तुमाले. आता माह्या मानसाची थाप पाह्यजे.”

पुंजाजी खाली पाहू लागले. रंगराव उठले, धोतर झटकलं. “लिहा मास्तर, काय लिहाचं ते,” म्हणून चालते झाले. मास्तरांनी तिच्यासमोर, मोठ्या अक्षरात निवृत्तीचं नाव लिहिलं.

महिन्यानं ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढे सारं गाव जमलं. झुंबरबाई पुढे बसली, या वेळी तिला कोणी मागं सारलं नाही. निवेदकानं बुवांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, पदव्या सांगितल्या. मग म्हणाला, “साथीला स्थानिक मंडळी.” आणि कीर्तन सुरू झालं.

“तुमी लिहिलं होतं नं?” तिनं मास्तरांना विचारलं.

“कार्बन घालून लिहिलं होतं, बाई.”

“मंग रेडिओवाल्याइले वाचता येत नसन,” ती म्हणाली, आणि मृदंग वाजत असतानाच उठून घरी गेली.

रेडिओनं नाव घेतलं नाही, म्हणून तुम्हाला इतकं जवळ बोलावलं. ते कीर्तन कधी कुठं कानावर पडलं, तर शेजारी बसलेल्याला सांगा. आणि कानावर नाही पडलं, तरी तुम्ही एवढं लक्षात ठेवा, बाबांनो : मृदंगावर निवृत्ती होता.